उलट्या बाजूच्या चिरा

मित्रांनो, शिवणयंत्राच्या वर खिळ्याला लटकलेली, तळहाताएवढी एक जुनी सर्किटची पाटी तुमच्याशी बोलते आहे. पुढून मी छिद्राछिद्रांची आणि पाठीवर तांब्याच्या पट्ट्या. दारावरचं बटण दाबलं की माझा दिवा लुकलुकतो. काम एवढंसंच, पण ते जमेपर्यंत मी सगळ्यांना फार छळलं.

या घरातल्या आईला ऐकू येईनासं झालं होतं. कपडे शिवायला आलेली गिऱ्हाइकं घंटा वाजवून परत जायची. लेक दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी परगावी निघणार होती. त्याआधी तिने मला करायला घेतलं. कागदावर नकाशा काढला, चिप बसवली, वितळलेल्या कथलाचे डाग देऊन ती जोडली, जिथे वीज अडवायची तिथे पट्ट्यांना चिरा पाडल्या. बॅटरी जोडली. बॅटरी तापली, दिवा मात्र ढिम्म!

तिने चिप बदलली. पुन्हा बदलली. बॅग अर्धवट भरलेली, आणि ही खोलीभर येरझारा घालतेय. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

"चिपच भिकार आहे!" ती करवादली.

आईने तिचे ओठ वाचले. "तिला कशाला शिव्या देतेस? आण इकडे." तिने मला उलटसुलट करून पाहिलं. "नकाशा पुढच्या बाजूने काढलास, आणि चिरा पाठीवर पाडल्यास. त्याही डावीकडूनच मोजून?"

"हो. मग?"

"अगं शहाणे, उलटलं की डावं उजवीकडे जातं! कापड उलटायचं विसरून पहिल्याच गिऱ्हाइकाला मी दोन्ही डाव्या बाह्या शिवल्या होत्या. बिचारा विचारत बसला, उजवा हात कुठे घालू?"

लेक खो खो हसली. चुकलेल्या चिरांवर तिने तारेचे तुकडे डागले, खऱ्या जागी नव्या चिरा पाडल्या. मग बाहेर जाऊन बटण दाबलं. मी लुकलुकले. आईने दार उघडलं, "कोण पाहिजे आपल्याला?" म्हणाली आणि लेकीला घट्ट जवळ घेतलं.

पुढे कित्येक वर्षं येईल त्याला आई माझं कौतुक सांगायची. आता माझ्यावर दोऱ्यांचा भुसा साचला आहे. लेक फोनवर लिहून आईची खुशाली विचारते, माझी विचारत नाही. माझी बॅटरी संपत आली आहे. आज सकाळी कुणीतरी तीनदा बटण दाबलं. मी जीव खाऊन लुकलुकले, पण खिडकीतल्या उजेडात आईला ते दिसलंच नाही. बाहेरची पावलं परत गेली.

मित्रांनो, कुणासाठी हाताने काही केलंत, तर ते भिंतीला टांगून मोकळे होऊ नका. अधूनमधून त्याच्यापाशी थांबून बघा. मला हाक मारता येत नाही. मला फक्त मंद होता येतं.