मुद्देमाल नंबर सात

मित्रांनो, माझ्या कडेला पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिलाय, तो आधी वाचा. 'मु. नं. ७'. मुद्देमाल नंबर सात! शिवाजी पेठेत कढया ढिगानं सापडतील, पण कोर्टाचा नंबर मिरवणारी कढई एकच, आणि ती मी. आता मी जुनी झाले, तळाला भोक पडलं, पण तोरा काही गेला नाही. का जावा? ऐका तर खरं, मग तुम्हीच सांगा.

माझं लोखंड मुळात गुऱ्हाळातलं. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका मळ्यात उसाचा रस आटवायची मोठी काहील होती. ती फुटली तेव्हा पिराजी लोहारानं तिचा पत्रा उचलून आणला, कापला, तापवला आणि चार दिवस ठोकून ठोकून मला घडवलं. शेवटचा घाव घातल्यावर त्यानं माझ्या बुडावर थाप मारली आणि म्हणाला, "आच सगळीकडं सारखी लागंल बघा. एक दाणा जळणार न्हाय, एक कच्चा राहणार न्हाय." तो बोलून गेला, पण मी ते मनावर घेतलं.

पिराजीनं मला गुंडूच्या भट्टीवर आणून बसवलं. गुंडू आणि त्याची बायको बयाबाई फुटाण्या-चिरमुऱ्यांची भट्टी चालवायची. गुंडू बोलायला गोड, वागायला सरळ, पण भाजण्यात अगदीच ढ. त्याच्या हाती उलथनं दिलं की निम्मे फुटाणे कोळसा आणि निम्मे दगड. भट्टी खरी बयाबाईची. ती डोळ्यांनी नव्हे, कानांनी भाजायची. दाणे तडतडत असताना तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. आवाज बदलला की झटक्यात घाणा खाली. तालमीतली पोरं सकाळी जोर-बैठका मारून आली की तिच्याकडचे गरम फुटाणे खिशात भरून न्यायची आणि म्हणायची, "बयाक्का, तुझ्या कढईला तोड न्हाय!" मी फुगून दुप्पट व्हायची.

बयाबाई शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरची एक रीत होती. कुठलंही धान्य सगळंच्या सगळं विस्तवावर घालायचं नाही, एक मूठ कच्ची राखायची. "समदं भाजलं की त्याचा वंश बुडतुया," ती म्हणायची. "एक मूठ जित्ती ठेवायची. धरणीमाईचा वाटा हाय तो." हरभऱ्याची मूठ ती चिमण्यांना टाकायची, भाताची घरामागच्या परड्यात. ही मूठच पुढं घराच्या मुळावर आली.

त्याचं असं झालं. म्हापशाला पाखरांचा एक व्यापारी होता. पोपट, मैना, बोटीनं आलेली गाणारी पिवळी पाखरं, असलं सगळं तो विकायचा. त्याला पाखरांसाठी दाणा हवा होता, आणि पाखरांना सगळ्यात आवडतं गांजाच्या झाडाचं बी. मित्रांनो, दचकू नका. ते झाड नशेचं, पण बियांत नशा नसते. सरकारी परवान्याच्या मळ्यांत गांजा खुडून झाला की खाली पडलेलं बी कुणाला नको असायचं. गुंडू ते रीतसर आणायचा, बयाबाई भाजायची आणि पोतं आंबोलीच्या रस्त्यानं गोव्याला जायचं.

संस्थान होतं तोवर गुंडूकडं दरबारचा कागद होता. एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं आणि तो कागद रद्दी झाला. वर गोवा म्हणजे पोर्तुगिजांचा मुलूख, परदेशच. मुंबई सरकारचे नियम वेगळे, सरहद्दीवरच्या कस्टमचे वेगळे. गुंडूनं वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा कुठं नवा परवाना मिळाला. त्यात एक ओळ ठसठशीत होती. सरहद्दीपलीकडे जाणारं बी भाजलेलंच असलं पाहिजे, रुजणारा एकही दाणा जाता कामा नये. गुंडूनं ती ओळ वाचून दाखवली तेव्हा बयाबाईनं माझ्यावर हात ठेवला. "एक बी रुजणार न्हाय. माझी कढई हाय ही." देशाच्या सरहद्दीची राखण माझ्या बुडावर! सांगा, कुठल्या कढईच्या नशिबी आलंय असलं काम?

पण माणूस जन्माची सवय सोडत नाही. पोतं शिवण्याआधी बयाबाई त्यातली राखलेली कच्ची मूठ लुगड्याच्या चिंधीत बांधायची आणि पोत्याच्या तोंडाशी आत सरकवून द्यायची. पोरक्या दाण्यांसोबत त्यांचं एक जितं माणूस असावं म्हणून. गुंडूला याचा पत्ता नव्हता. परवान्यातली ओळ पोत्यासाठी, पुरचुंडी तर धरणीची, असा तिचा साधा हिशेब.

बावन्न सालच्या थंडीत आजऱ्याच्या पुढं कस्टमवाल्यांनी मालाची लॉरी थांबवली. पोतं उसवलं, आणि पहिल्या हातालाच पुरचुंडी लागली. कस्टमचे साहेब काही वाईट नव्हते, पण त्यांच्या जागी कुणीही तेच म्हटलं असतं. वर भाजलेलं दाखवायचं, आणि चिंधीत पेरणीचं कच्चं बी गुपचूप परमुलखात पाठवायचं! गुंडूला बेड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेठेत पोलीस आले आणि पुरावा म्हणून मलाही घेऊन गेले. कारकुनानं माझ्यावर चिठ्ठी चिकटवायचा फार प्रयत्न केला. काजळीवर ती टिकेना, तेव्हा वैतागून त्यानं ब्रश घेतला आणि रंगानं नंबर घातला. अशी मी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या खोलीत जाऊन पडले.

खरं सांगते, त्या खोलीत माझी पाचावर धारण बसली होती. गुन्हा शाबीत झाला तर गुंडू दोन वर्षं आत. आणि मला एक गोष्ट आठवत होती. ते पोतं भाजलं त्या दिवशी लाकडं ओली होती. शेवटचा घाणा उतरवताना धूरच जास्त होता. बयाबाईनं कान देऊन ऐकलं होतं, पण धुरानं तिचे डोळे मिटले होते. मी पुरती तापले होते का? आठवून आठवून माझं डोकं फिरायची वेळ आली.

गुंडूचे वकील अंबादासपंत हुशार गृहस्थ. त्यांनी बयाबाईला पढवलं होतं, "बाई, काहीही विचारलं तरी 'ठाऊक नाही' म्हणायचं." बयाबाई पिंजऱ्यात उभी राहिली आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाली, "ती पुरचुंडी माझी हाय, साहेब. आमच्या मालकास्नी ठावंच न्हाय. पुरचुंडीतलं बी कच्चं हाय, पोत्यातलं भाजलेलं. देवाशपथ."

वकिलांनी कपाळाला हात लावला. कस्टमचे साहेब उठून म्हणाले, "नवऱ्याला वाचवायला बायको बोलणारच. पोतं भाजलेलं कशावरून? दोन्ही बियांचा रंग एक, आकार एक." न्यायाधीश साहेबांनी दोन्हीकडचे दाणे चष्म्याजवळ धरून पाहिले. खरंच फरक दिसेना. मग ते म्हणाले, "पेरून बघू. इथं रुजवायचं कुणाला येतं?"

बयाबाई म्हणाली, "मला येतंय की. दरसाल घट बसवते मी."

न्यायाधीश साहेब थोडे हसले. म्हणाले, "एकाच हातानं दोन्ही पेरा. म्हणजे हाताला दोष द्यायला नको. पट्टेवाला समोर राहील. नवव्या दिवशी बघू."

आणि मित्रांनो, माझ्याच खोलीच्या खिडकीत दोन पत्रावळी मांडल्या गेल्या. काळी माती चाळून, नवरात्रात पसरतात तशी पसरून, एकीत पोत्यातलं बी आणि एकीत पुरचुंडीतलं. बयाबाई रोज सकाळी पेठेतून पाण्याची कळशी घेऊन यायची. दोन्हींवर सारखंच पाणी शिंपडायची, दोन्हींना सारखेच हात जोडायची.

दुसऱ्या दिवशी पट्टेवाला दाराशी तंबाखू मळत होता, तेव्हा अंबादासपंत आत आले आणि हळूच म्हणाले, "बाई, दोन्ही पत्रावळी कोरड्या राहिल्या तर बी सगळंच भाजलेलं ठरेल. केस तिथंच संपली. उद्या कळशी जरा भट्टीजवळ ठेवून आणा, पाणी ऊन होऊ द्या. बाकी मी काही बोललो नाही."

किती सोपं! कुणाला काही कळलं नसतं. गुंडू घरी आला असता, बयाबाईवर ठपका आला नसता, आणि खोटं सांगते कशाला, माझ्या ओल्या लाकडांची चूकही झाकली गेली असती. मला वाटलं, घे बाई, घे ऊन पाणी! बयाबाईनं पत्रावळीतली माती हातानं सारखी केली. तिचे डोळे भरून आले.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "मालक घरला यावं असं मला काय वाटत न्हाय व्हय? सारी रात डोळ्याला डोळा न्हाय. पण जे भाजायचं ते मी भाजलंय. ही मूठ मी जगवायची म्हणून राखली. तिला माझ्या हातानं मारू? जमायचं न्हाय."

त्या वेळी मला माझी फार लाज वाटली. मी लोखंडाची, आणि कच खाल्ली ती मी.

तिसऱ्या दिवसापासून कळशी आणखी थंड यायला लागली. मुद्दाम पहाटे विहिरीवरून भरून आणायची. पाचव्या सकाळी पुरचुंडीच्या पत्रावळीत माती उलली. सहाव्या दिवशी हिरवी टोकं वर आली, आठव्या दिवशी दोन-दोन पानं. काय तरारून आली होती! तिच्या हाताला गुणच तसा. आणि शेजारची पत्रावळ? मी तिच्याकडं बघायचीच नाही. बघितलं तर चटकन नजर वळवायची. एकसुद्धा टोक नको, आई अंबाबाई, एकसुद्धा नको.

नवव्या दिवशी दोन्ही पत्रावळी न्यायाधीश साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, आणि मलाही बाजूला. एकीत हिरवळ, एकीत नुसती काळी माती. साहेबांनी त्या मातीत बोट घालून ती उकरली. दाणे जसेच्या तसे होते, एकालाही मोड नव्हता. ओल्या लाकडांचा शेवटचा घाणासुद्धा! पिराजीचा शब्द मी राखला होता. मला तोंड असतं तर मी तिथंच आरोळी ठोकली असती.

कस्टमच्या साहेबांनी मातीतला एक दाणा नखानं उकलून पाहिला. मग म्हणाले, "बाई जे बोलल्या तेच निघालं. स्वतःच्या विरोधातलंसुद्धा."

न्यायाधीश साहेबांनी निकाल सांगितला. गुंडू निर्दोष, पोतं परवान्याप्रमाणे बरोबर. पण पुरचुंडी परवान्याबाहेरची, आणि कायदा तो कायदा. म्हणून बयाबाईला कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहण्याची शिक्षा. रोपं नष्ट करायची, कढई परत द्यायची, आणि यापुढं पोत्यात मूठ घालायची नाही.

"न्हाय घालणार, साहेब," ती म्हणाली. पट्टेवाला रोपं घेऊन मागच्या अंगणात गेला तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. जगवलेलं जळताना कुणाला बघवेल? मग ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली, माझ्या कडेवर हात ठेवून. संध्याकाळी कोर्ट उठलं. गुंडू दाराशी उभा होता, दाढी वाढलेला.

"बया," तो म्हणाला, "तू गप बसली असतीस तरी चाललं असतं गं."

"तुमी आत, आन् मी गप? लई शाणं हायसा," ती म्हणाली आणि मला त्याच्या डोक्यावर चढवलं. साऱ्या पेठेतून मी गुंडूच्या डोक्यावर बसून घरी आले. तालमीच्या पोरांनी हलगी वाजवली. माझ्या आयुष्यातली ती मिरवणूक.

पुढं तीन वर्षांनी गोव्याची वाट बंदच झाली आणि तो धंदा संपला. फुटाणे चालूच राहिले, पण माझं बूड पातळ होत गेलं, आणि एक दिवस भोकातून भाजायची वाळू गळायला लागली. भट्टीवर नवी कढई आली. मी परड्यात, भिंतीला उपडी. दोन पावसाळे मी तशीच काढले. गंज चढला. मोडकं लोखंड विकत घेणारा मोडवाला दारात आला तेव्हा गुंडू मला उचलायला आला. मी म्हटलं, झालं, संपलं.

बयाबाई आतनं ओरडली, "हात लावू नगा! जन्मभर हिनं दाणं मारलं. आता जरा जगवू दे की तिला."

तिनं माझ्यात काळी माती भरली. तळाचं भोक, ज्याची मला लाज वाटायची, तेच पाणी निचरायला कामाला आलं. मित्रांनो, तुमच्या घरातही असं एखादं जुनं भांडं कोपऱ्यात पडलं असेल. मोडवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्यावरची धूळ पुसा आणि त्याला विचारा, बाबा, अजून काय करशील? आणि एक मूठ राखत जा, कशाचीही असो. फक्त कायद्यात बसेल तिथं राखा, नाहीतर कोर्टात बसावं लागतं!

परवा घट बसले. यंदा बयाबाईनं पत्रावळ आणलीच नाही, माझ्यातच गहू पेरला. आज सकाळी माती उलली आहे, आणि ती वाकून बघते आहे. तिचा हात माझ्या कडेवर आहे, बरोबर नंबराच्या जागी.