चित्र पुरं होईपर्यंत

"अहो बाई, तुमचं काहीतरी चुकतंय. चित्र आमच्या दुसऱ्या भागीदाराचं, जाइल्सचं, काढायचं असेल. तो सत्तरीचा, मी आत्ता कुठे बासष्टचा!"

चित्रकार विनिफ्रेड सेल यांनी खिडकीपाशी चित्राचं तिकाटणं उभं केलं. "बँकेच्या पत्रात तर अँब्रोझ लँगरिश हेच नाव आहे, साहेब."

अँब्रोझ चक्रावला. लंडनमधली ही बँक सहा पिढ्यांची, घरचीच. चारही भागीदार एकाच खोलीत बसत, आणि जेवणघराच्या भिंतीवर आधीचे सगळे लँगरिश तसबिरींत बसलेले. रीत एकच: टेबल सोडल्याशिवाय, म्हणजे निवृत्त झाल्याशिवाय, भिंतीवर चढायचं नाही. मग आपण टेबल सोडलं कधी? आणि विचारायचं कुणाला? या घराण्यात सरळ विचारणं म्हणजे चारचौघांत बशी चाटणं!

"डॉकेट, तुला काही ठाऊक आहे?" त्यानं दारवानाला विचारलं.

"मी आपला दार उघडणारा, साहेब," म्हातारा डॉकेट म्हणाला आणि त्याचे डोळेच भरून आले. अँब्रोझ आणखी गोंधळला.

शेवटी तो पुतण्याच्या टेबलाशी गेला. रूपर्ट आता मुख्य भागीदार होता.

"रूपर्ट, मी... म्हणजे माझं..."

"काका, यंदा गावाकडे गुलाब कसे आलेत?"

"गुलाब गेले खड्ड्यात! मला घरी बसवताय का?"

खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. रूपर्ट कानापर्यंत लाल झाला. "घरी बसवणं कसलं, काका! आम्हाला वाटलं, चित्रकार आल्या की तुम्हीच काय ते समजाल. आजोबांना असंच कळलं होतं. आणि चित्र पुरं होईपर्यंत टेबल तुमचंच की!"

अँब्रोझला हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षांपूर्वी थोरला भाऊ लढाईत कामी आला, तेव्हा त्याच्या रिकाम्या टेबलाशी अँब्रोझला असंच बसवलं होतं, न विचारता. पहिली दहा वर्षं ते टेबल डोळ्यांसमोर नको व्हायचं. मग ते हवंसं कधी झालं? छे, पत्ताच लागला नाही. आता मात्र ते सोडवेना.

तो परत येऊन आपल्या खुर्चीत बसला.

"किती बैठका लागतात, बाई?"

"समोरचा माणूस स्थिर बसला तर तीन."

"आणि नाही बसला तर?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावर पसरलेल्या त्याच्या कागदांकडे. "तर मग काही सांगता येत नाही, साहेब."

अँब्रोझनं डावीकडे मान वळवली. मग उजवीकडे. मग सावकाश नाक खाजवलं.