निळ्या दांड्याला कुणी विचारलं नाही

मी एक दांडा. निळा. बर्फाच्या उतारावर शर्यतीतली मुलं ज्यांना वळसे घालत खाली येतात ना, त्यांतला एक. आता निळेपणा फारसा उरला नाही, पण सवयीनं सांगतो. मला शाळा नाही, लिहिणं नाही. उभं राहायचं आणि मार खायचा, एवढंच शिकलो. सावकाश सांगेन. तुम्हीही जरा दमानं घ्या.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तो मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा कुठं आठवतो? पोदब्रेग गावात आलो तो गठ्ठ्यात बांधून, निम्मे लाल आणि निम्मे निळे. थंडीला हाकलून लावायचा सण असतो इथं, मुखवटे घालून पोरं दारोदार घंटा वाजवत फिरतात. त्या दिवशी गावच्या बायकांनी क्रोफी, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, तळून विकले आणि त्या पैशातून आम्हाला आणलं. हिवाळ्याला हाकलायच्या सणात हिवाळ्याचंच सामान जमवणारी माणसं ही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की यांचं सरळ काही नसतं.

माझ्या घोट्यात एक स्प्रिंग आहे. मुलानं धडक दिली की मी आडवा होतो आणि ते गेलं की परत उभा. रागावत नाही. पुढचं मूल येतच असतं.

आमचं घर म्हणजे ओझ्बेंचा गोठा. ओझ्बे म्हणजे लाकडाच्या वखारीत जन्म काढलेला म्हातारा, बोटं जाड, बोलणं थोडं. आम्हाला खांद्यावरून उतारावर न्यायचं, गिरमिटानं बर्फात भोक पाडून रोवायचं, संध्याकाळी पुसून गवताखाली निजवायचं, हे सगळं तेच करायचे. त्यांची नात ब्रीना. पहिल्यांदा स्कीवर उभी राहिली तेव्हा तिला थांबता येत नव्हतं, म्हणून सरळ येऊन मला मिठी मारायची.

"आजोबा, बघितलंस का? याच्यामुळे वाचले!"

"तू वाचलीस, त्याचं काय झालं ते विचार."

मग ती माझ्या अंगावरचा बर्फ झाडायची. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही.

या मुलांच्या शर्यतींना पायऱ्या असतात. सगळ्यात खालची चिमण्यांची. तिथं आम्ही नसतो, बर्फात खोचलेले गुडघ्याएवढे मऊ ब्रश असतात. शर्यत संपली की सगळ्यांना गरम चहा, सगळ्यांच्या गळ्यात पदक, उलटा आलेल्याच्यासुद्धा. मग गावच्या क्लबची शर्यत, मग खोऱ्याची, मग विभागाची, आणि मग देशाची. एकेक पायरी वर गेलं की मुलं कमी होतात आणि आईबाप वाढतात. खाली हसणारी माणसं वरच्या पायरीवर दात आवळून उभी असतात. स्कीला मेण कुठलं लावलंत विचारलं तर सांगत नाहीत. मुलगा पडला तर आधी घड्याळाकडे बघतात, मग मुलाकडे.

ब्रीना हसतच वर चढत गेली. विभागाच्या संघात जायची वेळ आली तेव्हा मात्र गावाला एकच जागा होती. ती जागा मिळाली की पुढच्या हिवाळ्यापासून मोठ्या डोंगरावर सराव, तिथले शिकवणारे, तिथली गाडी. नाही मिळाली तर गावची दोरीची लिफ्ट आणि अंधार पडेपर्यंतचा उतार. जागेसाठी दोघी होत्या, ब्रीना आणि गावातल्या सिल्वाची मुलगी तिंकारा. हंगामातली शेवटची शर्यत आमच्याच उतारावर होती. त्यात जी पुढे राहील ती जाणार.

सकाळी पंचांची जमवाजमव झाली. पंच म्हणजे गावातलीच माणसं. दोनचार वळणांमागे एक जण उभा राहतो आणि मुलं बरोबर गेली का ते बघतो. नियम साधा आहे. दोन्ही स्कींची टोकं दांड्याच्या एकाच अंगानं जायला हवीत. एक इकडून आणि एक तिकडून गेलं की मूल बाद. आमच्यात म्हणतात, दांड्यावर घोडा केला. माणसं कमी पडली म्हणून ओझ्बेंना माझ्या वळणावर उभं केलं.

चहाच्या पातेल्यापाशी सिल्वा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय ओझ्बेकाका, आज तुम्ही तिथं? म्हणजे नात आली की दांडाच बाजूला होऊन वाट देईल!"

सगळे हसले. क्लबचा शिकवणारा गाश्पेर म्हणाला, "सिल्वाताई, दांडा बाजूला होईल, तुमची जीभ नाही व्हायची."

परत हसले. ओझ्बे हसले नाहीत. कपातला चहा त्यांनी तसाच बर्फावर ओतला.

निघताना गाश्पेरनं सगळ्या पंचांना बजावलं, "ऐका. मूल चुकलं याची खात्री असेल तरच हात वर. संशय आला तर हात खाली. संशयाचा फायदा लेकराचा, आपला नाही."

मी ऐकलं. ओझ्बेंनीही ऐकलं.

तिंकारा आधी आली. नेटकी आली, नेटकी गेली. मग ब्रीना. तिचं येणं मला लांबूनच कळायचं, बर्फ खरवडल्याचा तिचा आवाज वेगळा. ऊन चढलं होतं, माझ्या पायाशी खोल चरी पडल्या होत्या. ती खाली वाकून आली. बर्फ असा उडाला की मी सगळा त्यात बुडालो, आणि तिच्या नडगीवरची ढाल माझ्या अंगावर बसली ती रोजच्यापेक्षा बरीच खाली. मी सपाट झालो.

पण दोन्ही टोकं माझ्या एकाच अंगानं गेली होती. दोन्ही. एकामागोमाग एक. छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, पण मला ना छाती, ना हात.

मी उभा राहिलो तेव्हा ओझ्बे माझ्याकडे बघत होते. त्यांना फक्त उडालेला बर्फ दिसला होता आणि बुडाशी वाकलेला मी. संशय होता. खालच्या वळणावर सिल्वा कठड्याला टेकून उभी होती, वर त्यांच्याकडेच बघत. सकाळी बोलून झालं होतं. बोलायची गरज राहिली नव्हती.

ओझ्बेंनी हात वर केला.

खाली घड्याळात ब्रीना तिंकाराच्या पुढे आली होती. पाटीवर नाव लागलं आणि लगेच पुसलं गेलं. ती स्की खांद्यावर टाकून वर धावत आली, गाश्पेर तिच्या मागे.

"आजोबा, मी बरोबर गेले! नडगी लागली फक्त. टोकं बरोबर होती, मला कळतं ना!"

गाश्पेर हळूच म्हणाला, "काका, नीट आठवा. खात्री आहे? नसेल तर नाही म्हणा. कुणी काही म्हणणार नाही."

तोच तर घोर होता त्यांना, कुणी काही म्हणेल याचा. त्यांनी एकदा कठड्याकडे पाहिलं.

"आहे," ते म्हणाले.

त्या एका शब्दानं मला जेवढं लागलं, तेवढं इतक्या वर्षांच्या धडकांनी लागलं नव्हतं. मुलांचा मार असतो, त्याला मी उठून उभा राहतो. त्या शब्दावर कसा उठणार?

बक्षिसं वाटून झाल्यावर क्लबच्या प्रमुखानं ओझ्बेंना पुढे बोलावलं. म्हणाला, पोरांनो, सचोटी बघायची असेल तर ही बघा, यांनी सख्ख्या नातीलासुद्धा सोडलं नाही. बक्षीस म्हणून डुकराची धुरावलेली मोठी तंगडी त्यांच्या हातात दिली. टाळ्या खूप पडल्या. सिल्वानं सगळ्यात जोरात वाजवल्या. ब्रीना खाली आमच्या गठ्ठ्याशेजारी बसून बुटांचे चाप काढत होती. तिनं वर बघितलं नाही.

त्या रात्री गोठ्यात आम्हाला पुसायला कुणी आलं नाही. भिंतीपलीकडून ब्रीनाच्या आईचा आवाज येत होता. "बाबा, तुम्हाला दिसलं होतं की नव्हतं? एवढंच सांगा." ओझ्बे काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. गायीनं मान हलवली आणि तिच्या घंटेत ते बुडालं.

ब्रीनानं पुन्हा छातीवर शर्यतीचा आकडा बांधला नाही. तिची स्की गोठ्याच्या खिळ्याला लागली, आमच्या डोक्यावर. गाश्पेर दोनदा बोलवायला आला. ती म्हणाली, "मी येते ना, चहा वाटायला येते." आणि खरंच तेवढ्यालाच यायची.

तिंकारा विभागाच्या संघात गेली आणि पुढच्या पायरीवर तिलाही खाली उतरवलं. एका हिवाळ्यापुरती होती ती जागा. सिल्वा आता पातेल्यापाशी फारसं बोलत नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शर्यत, पुन्हा मी त्याच वळणावर, आणि ओझ्बेही. आता तर लोक मुद्दाम म्हणत, अवघड जागी ओझ्बेंना ठेवा, त्यांच्या शब्दाला वजन आहे. ब्रीना चहाची किटली घेऊन पंचांना वाटत वर चढत होती. आमच्यापाशी पोचली तोच खिंडीपलीकडच्या गावचा एक मुलगा आला. बर्फ उडाला, मी आडवा झालो. या वेळी एक टोक माझ्या इकडून गेलं, एक तिकडून. साफ घोडा.

ओझ्बेंनी हात वर केला नाही.

ब्रीना कपात चहा ओतत होती. "घ्या, आजोबा." मग म्हणाली, "त्याचं काय झालं? बरोबर गेला?"

"नीट दिसलं नाही."

"मग?"

"मग काय, संशय आला तर..." आणि ते थांबले.

"तर लेकराचा," ती म्हणाली. "हो ना?"

"बाळा, तो परक्या गावचा पोरगा. त्याला बाद केलं तर लोक म्हणतील, नात बाद झाली त्याचा राग काढला."

"बरोबर आहे तुमचं." तिनं किटलीचं झाकण घट्ट लावलं. "मीही परकी असते तर बरं झालं असतं."

आणि ती पुढच्या वळणाकडे गेली. चहा ओझ्बेंच्या हातातच गार झाला. शर्यत संपल्यावर ते खाली गेले आणि क्लबच्या प्रमुखाला म्हणाले, पुढच्या वर्षीपासून मला बोलावू नका. गुडघे दुखतात असं सांगितलं.

मी त्यानंतर थोडेच दिवस टिकलो. एका गारठ्यात चिरलो, स्प्रिंग गेली. चिरलेल्या दांड्याला उतारावर जागा नसते. आता मी ओझ्बेंच्या परसात घेवड्याच्या वेलाला आधार देत उभा आहे. माती बर्फासारखी नसते, इथून हलता येत नाही, आणि इथं मला कुणी मारत नाही. मार नसला की म्हातारपण आलं असं समजावं.

परवा वेल बांधता बांधता ओझ्बे थांबले. जाड बोटानं माझ्या बुडाशी चाचपलं, जिथं त्या दिवशी ती ढाल बसली होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले, "बरोबर गेली होती का रे ती?"

चुकीच्या माणसाला विचारलंत, ओझ्बे. विचारायचं होतं तेव्हा तिनंच सांगितलं होतं.

तुम्ही उतारावर याल, न याल. पण कधीतरी कुणाच्या वळणावर उभं राहायची पाळी तुमच्यावर येईलच. लोक बघत असतील, आणि येणारं लेकरू तुमचंच असेल. तेव्हा एवढं करा. परक्याला जेवढा न्याय दिला असता, तेवढा त्यालाही द्या.

घेवडा यंदा भरभरून लागलाय. तोडायला ब्रीना येत नाही.