चंद्रीचं दूध

राजशेखर शेळीच्या दुधावर वाढला, हे रेणापुरात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. सातव्या महिन्यातच घाई करून जन्माला आलेलं, ओंजळीत मावेल एवढं ते पोर त्याच्या आजीनं, गौरम्मानं, चंद्री नावाच्या शेळीचं दूध पाजून जगवलं. घरात लग्न असो की बारसं, ही गोष्ट सांगितल्याशिवाय पाहुण्यांची सुटका नसे. गौरम्मा सुरू झाली की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हायचा, पण मधेच घोट घ्यायची कुणाची छाती नव्हती. पुढं राजशेखर उंचापुरा झाला, लातूरच्या एका डाळमिलमध्ये मॅनेजर झाला, पोटही चांगलं सुटलं, तरी रेणापूरला तो चंद्रीचं पोरच राहिला. गौरम्मा गेली, गोष्ट मागं उरली. आता ती राजशेखर सांगायचा, आणि आजीपेक्षा जरा जास्तच तिखटमीठ लावून.

त्यामुळं लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली आणि तीही बापावर जाऊन सातव्या महिन्यातच आली, तेव्हा त्यानं काय केलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. लेकीला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, आणि हा पठ्ठ्या टेम्पो घेऊन थेट रेणापूरला. येताना एक दुभती शेळी घेऊन आला. कॉलनीत शिकवणीच्या पोरांच्या मोटारसायकली लागतात, तिथं तिला बांधली. पोरांनी मुकाट्यानं गाड्या पलीकडं लावल्या. ज्याचं तान्हं पेटीत आहे त्याच्याशी कोण भांडणार?

शेळी बघून त्याची आई, जगदेवी, धास्तावली. गंमत अशी की त्याच वेळी तिला बरंही वाटलं. तो उग्र वास नाकात शिरला आणि रेणापूरचा तो सगळा हिवाळा तिच्यासमोर उभा राहिला.

काय हिवाळा होता तो. बाहेर तुरी फुलावर आलेल्या, आत बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर शेगडी, खिडकीला वाकळ लावलेली. बांबूच्या दुरडीत सरकी काढलेला कापूस भरून त्यात पोर ठेवलेलं, नाक तेवढं दिसायचं. गौरम्मा कपाळाला विभूती लावून सकाळीच हजर व्हायची, दुरडीवर वाकायची, पोराचं पोट हलताना दिसलं की मगच गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावायची. एरवी म्हातारी कडक, सुनेला शब्दानं सोलून काढणारी. पण त्या हिवाळ्यात ती जगदेवीला एकदाही टाकून बोलली नाही. स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर तेल थापलं, पाठ शेकली, झोप लागली की दाराशी बसून राहिली. जगदेवीची आई लहानपणीच गेलेली. तिला इतकं कुणी जपलं ते त्या दुरडीच्या दिवसांतच. काळजीनं जीव टांगणीला लागलेले ते दिवस, पण अजूनही आठवले की तिला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

एका बाबतीत मात्र गौरम्माचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाळंतिणीचं पहिलं पिवळं घट्ट दूध, म्हणजे चीक, पोराला द्यायचा नाही. तो जड, पिळून राखेत टाकायचा. सातमाशी पोराला तर आईचं दूधच सोसत नाही, शेळीचं हलकं. गौरम्मा चंद्रीचं दूध उकळून, वाटीत गाळून आणायची. "कापसाची वात बुडीव आन् थेंब थेंब सोड. घाई करू नगं," असं सांगून वाटी जगदेवीच्या हातात द्यायची आणि पोराला दृष्ट लागू नये म्हणून दार ओढून बाहेर जायची. रिकामी वाटी परत नेताना तिचा सुरकुतलेला चेहरा असा उजळायचा की बघत राहावं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर तनुजा नेमकं उलटं सांगत होत्या. "आईचंच दूध. चीक तर सोडायचाच नाही. एवढ्या कोवळ्या पोटात वरचं दूध गेलं तर आतडी सुजू शकतात, मग बाळाला वाचवणं अवघड होतं." ऐकायला सोपं होतं. पण राजशेखरच्या बायकोला, वर्षाराणीला, दूध नीट उतरतच नव्हतं. पोट कापून झालेलं बाळंतपण, त्यात रक्तदाब चढलेला, आणि भेटायला येणाऱ्या बायकांनी सांगितलं म्हणून नुसत्या पातळ भातावर ठेवलेली. त्याच बायका दारातून बाहेर पडताना तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, हिला दूधच न्हाई बाई. वर्षाराणी दूध काढायला बसायची, वाटीचा नुसता तळ ओला व्हायचा, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणीच जास्त निघायचं.

अशात बाळाच्या नाकातली दुधाची नळी काढली आणि चमच्यानं दूध द्यायचं ठरलं. वर्षाराणीला अजून उभं राहवत नव्हतं. म्हणून आजीनं आत यावं, बाळाला उघड्या छातीशी ऊब द्यावी आणि आईच्या वाटीतलं दूध पाजावं, असं डॉक्टरांनी सांगितलं. जगदेवी हात धुऊन निघाली, तेवढ्यात व्हरांड्यात राजशेखरनं पिशवीतून थर्मास काढला.

"अव्वा, आत तूच जाऊन राहिलीस. सिस्टरचं ध्यान नसलं की वाटीत ह्ये जरा घाल."

"डागदरबाई नगं म्हनल्या न्हवं?"

"त्येंला काय म्हाईत? मी कशावर जगलो? आजीनं कोन्या डॉक्टरला इचारलं होतं?" त्याचा आवाज चिरकला. "माझी लेक उपाशी हाय, अव्वा. मी डोळ्यानं बघून राहिलो."

जगदेवीनं थर्मास हातात घेतला. एवढा धिप्पाड माणूस, पण ओठ असा थरथरत होता की तिला दुरडीतलं पोर आठवलं. क्षणभर मनात आलं, आत जावं, दूध मोरीत ओतावं आणि बाहेर येऊन ‘पाजलं’ म्हणावं. असलं काम तिला नवं नव्हतं. पण आज ती होती. उद्या हा दुसऱ्या कुणाच्या हाती थर्मास देईल, नाहीतर स्वतःच आत घुसेल. पोरीचा जीव त्या एका थर्मासवर येऊन ठेपला होता.

"बस हितं," ती म्हणाली. "राजू, तू चंद्रीचं दूध कंदी पेलाच न्हाईस."

राजशेखर बाकावर टेकला.

"दार लागलं की मी माझंच पिळायची वाटीत. चीक बी. पयल्या दिसापासून."

मग तिनं सांगितलं. हिमायतनगरला तिच्या वडलांच्या, बसवंतअप्पांच्या, घरी गाय व्यायली की सगळी पोरं खरवसाच्या आशेनं भांडी घेऊन गोठ्यात जमायची. अप्पा सगळ्यांना हाकलून लावायचे. आधी वासरू, म्हणायचे. त्याच्या ताकदीचं हाय ते, त्याचं पोट भरलं की मग तुमचं. गौरम्मानं चीक राखेत टाकायला सांगितला तेव्हा जगदेवीला अप्पा आठवले. वासराला जे सोडतात ते आपल्या पोराला का नाही, हे तिला काही केल्या पटेना. सासूला तोंड वर करून विचारायची तर सोय नव्हती.

"आन् आजीला कळून तुला कायी झालं आसतं तर?" राजशेखरनं हळू आवाजात विचारलं.

"मला काय व्हायचं? तुला झालं आसतं तर, त्याचं भ्या होतं. दर वाटीला तुझं पोट हलतंया का बघायची मी."

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग एकदम मान वर केली. "मंग चंद्रीचं दूध कोन पेलं?"

"मी."

"समदं?"

"वाटी रिकामी द्यावी लागायची. आन् भूक लई लागायची रे. बाळंतिणीला पोटभर कोन देत होतं तवा?"

राजशेखरला हसू आलं आणि हसता हसताच तो रडायला लागला. जन्मभर ज्या गोष्टीवर मिशीला पीळ दिला, तिच्यात दूध पिणारंच बदललं होतं. जगदेवीनं थर्मास त्याच्या हातात परत दिला. "जा, ह्ये वर्षाराणीला दे. आन् त्यो पातळ भात बंद कर. भाकर, वरण, मेथीची भाजी, शेंगदाने, मागंल ते खाऊ दे. आन् त्या बायकांला म्हनावं, घरी बसा."

ती आत गेली. वर्षाराणीच्या वाटीत मोजकेच थेंब होते. नातीला तिनं पदराआड छातीशी धरलं, तेव्हा तो चिमणीएवढा जीव तिला इतका ओळखीचा वाटला की हुंदका आवरेना. चमच्याच्या कडेनं तिनं थेंब सोडले. पोरीनं ओठ हलवले, एकेक करून सगळे गिळले.

पुढच्या दिवसांत वर्षाराणीला दूध वाढत गेलं. ते शेळीच्या दुधानं वाढलं, भाकरीनं वाढलं, की ‘हिला दूध न्हाई’ म्हणणारी तोंडं बंद झाल्यानं, हे कुणी सांगावं? डॉक्टर तनुजा म्हणाल्या, तिन्ही असू द्या, थांबवू नका. पोरगी हळूहळू अंग धरू लागली. वर्षाराणी स्वतः चालत आत जाऊ लागली आणि एके दुपारी बाळ पहिल्यांदाच आईच्या अंगावर प्यायलं.

त्या दुपारी जगदेवी लेकाबरोबर बाहेर बाकावर बसली होती. राजशेखर खुशीत होता, तरी त्याच्या मनातलं एक कुसळ निघालं नव्हतं.

"अव्वा, एक इचारू? आजी मरेपर्यंत त्या शेळीचं कवतिक सांगायची. तू शेजारी बसून मुंडी हलवायचीस. एकदा तरी सांगायचं व्हतं तिला. तुझं नाव झालं आसतं."

जगदेवी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझ्या बापाच्या आधी तिला दोन लेकरं झाली व्हती," ती म्हणाली. "दोनी सातमाशी. दोघांचा बी चीक तिनं राखेत टाकला, आन् शेळीचं पाजलं. दोनी गेली."

जगदेवीनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला.

"तुझी वाटी रिकामी बघून ती मला म्हनायची, ह्या बारीला जमलं गं मला. मग मी काय सांगायचं व्हतं तिला, राजू?"