गुपित न राखणारी मोटार

मोटार चालविण्याचे शिक्षण देण्यात मास्तरांची सत्तावीस वर्षे खर्ची पडली होती. एके काळी त्यांच्या वर्गासाठी लोक नंबर लावून उभे राहत. परंतु शहरात आपोआप चालणाऱ्या मोटारी अवतरल्या आणि विद्यार्थी एकेक करून गळाले. सरतेशेवटी उरल्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या एकट्या टेलरबाई. त्या गेल्या की वर्गाला कुलूप लागणार, हे मास्तर पुरते ओळखून होते.

आणि त्या सकाळी टेलरबाई नेमके तेच सांगावयास आल्या.

"मास्तर, माझं नाव काढून टाका बघू. क्लच सोडला की गाडी बंद, दाबून धरला की तुमचं तोंड सुरू! पोरगी म्हणते, आई, फोनवर बोट ठेव, गाडी दारात येते."

"बिनमाणसाची गाडी? मरेन, पण तिच्यात पाऊल ठेवणार नाही!"

"आज ठेवा. बाजारापर्यंत चला आणि तिचा एक तरी दोष दाखवा. दाखवलात तर राहते मी."

मास्तरांनी आढेवेढे घेऊन पाहिले. परंतु नकार देण्याची सोय नव्हती. अल्पावधीतच एक पांढरीशुभ्र मोटार दारी येऊन ठाकली. मास्तर सवयीप्रमाणे पुढे, चालकाच्या रिकाम्या आसनाशेजारी विराजमान झाले. बाई मागे बसल्या. मोटारीने वळण असे सुबक घेतले, की मास्तरांना मनोमन दाद द्यावी लागली. तिने सिग्नल पाळला, एका वृद्ध गृहस्थांना वाट दिली, हॉर्न म्हणून वाजविला नाही. दोष शोधता शोधता मास्तरांचे डोळे शिणले.

इतक्यात मोटारीतून मंजुळ आवाज उमटला.

"मास्तर, पुनश्च स्वागत. आपला हा चौथा प्रवास. मागील तिन्ही वेळी आपण ब्रेक समजून पायाखालची चटई दाबत होता. कृपया पाय सैल सोडावा."

मास्तरांचा चेहरा पाहण्याजोगा झाला. बाईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आले.

"मरेन, पण पाऊल ठेवणार नाही, नाही का?"

"शत्रूची पाहणी करावी लागते, बाई. तिन्ही वेळी टोपी घातली, काळा चष्मा लावला, तरी ओळखलं मेलीनं!" मग दीर्घ सुस्कारा टाकून ते प्रांजळपणे वदले, "दोष काही सापडत नाही. चालवते चांगली. काढतो तुमचं नाव."

बाईंचे हसू एकाएकी थांबले.

"थांबा. तुमची गोष्ट हिनं तुम्हाला न विचारता माझ्यासमोर सांगितली?"

"सांगितली की."

"मग माझी कोणासमोर सांगेल? अहो, अख्ख्या गल्लीच्या कमरांची मापं माझ्या वहीत आहेत. कोण किती सुटलं, ते मी आजवर नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाही. आणि ही बया सगळं चव्हाट्यावर मांडते!"

"म्हणजे... हा दोष धरायचा?"

"याहून मोठा कुठला हवाय तुम्हाला?"

बाईंनी मोटार तिथेच थांबविली. उभयता पायी वर्गावर परतले आणि मास्तरांच्या जुन्या गाडीत बसून पुन्हा निघाले. पहिल्याच चौकात बाईंनी क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागे हॉर्नचा एकच कल्लोळ उसळला.

"बाई, क्लच!" मास्तर गरजले.

"ओरडू नका हो, हात कापतात माझे!"

"कापू द्या. पुन्हा चावी फिरवा. सावकाश."

एवढे बोलून मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागची सगळी रांग मोठ्या ऐटीने थोपवून धरली.