यंदा कोणती घ्यायची नाही?

आमच्या चर्चच्या मंडळीत रुल्फीना कधी खोटं बोलत नाही आणि तिचा नवरा बेरेंट कधी फारसं बोलत नाही. दोघांना मी तीस वर्षं ओळखते. तरी त्यांच्या कॅराव्हॅनची खरी गोष्ट मला ऑगस्ट उजाडेपर्यंत कळली नाही. कशी कळणार? मी विचारलंच नव्हतं.

नुन्स्पेट गावाच्या अलीकडे, महामार्गाला लागून कॅराव्हॅनचं, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घरांचं, एक मोठं दुकान आहे. दर मार्चमध्ये तिथं नव्या गाड्या बघायला आठवडाभर सगळ्यांना आवताण असतं. कॉफी फुकट, वाटाण्याचं सूप फुकट. रुल्फीना आणि बेरेंट नऊ वर्षं न चुकता जात होते. घ्यायचं काहीच नव्हतं. त्यांचा हिरवा तंबू होता आणि तंबूत ते सुखी होते. पण प्रत्येक गाडीत बूट काढून शिरायचं, प्रत्येक पलंगावर आडवं व्हायचं, कपाटं उघडायची, झाकण लावलेल्या संडासावर बसून गुडघे दाराला लागतात का ते बघायचं, आणि शेवटी रुल्फीनानं "छान आहे, पण..." म्हणून कॉफीकडे वळायचं, हा त्यांचा नेम होता. देवाच्या घरचं सोडलं तर एवढा नेम त्यांनी दुसरा कुठला पाळला नसेल.

दुकानातला विक्रेता योरिस. ही दोघं पहिल्यांदा आली तेव्हा तो नवा होता. आता कानशिलं पिकली. काउंटरमागून तो दर वर्षी तेच विचारायचा.

"या बाई. यंदा कोणती घ्यायची नाही?"

"ठरायचंय अजून," रुल्फीना म्हणायची.

मग तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे करी. दोघांनी एकेक घेतलं की टक्‌कन झाकण लावी. आमच्याकडे डबा एकदाच उघडतो, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. दुसऱ्यांदा उघडतो तो सोयऱ्यांसाठी.

यंदा मात्र रुल्फीनाला खरोखरच गाडी हवी होती, आणि तिथंच पंचाईत झाली.

झालं होतं असं. बेरेंटनं चाळीस वर्षं नळकाम केलं, म्हणजे चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांपुढे गुडघे टेकले. शेवटी एक गुडघा बदलावा लागला. तंबूत जमिनीवर निजलेला माणूस पहाटे उठणार कसा? गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "तू जा, मी घर बघतो." आमची मंडळी दर ऑगस्टमध्ये ओमेनला नदीकाठी तंबू-गाड्या घेऊन पंधरा दिवस उतरते. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की खुर्च्यांचं रिंगण होतं आणि स्तोत्रं सुरू होतात. बेरेंटचा आवाज खर्जातला. तो गातो तेव्हा वेगळा ऐकू येत नाही. पण गेल्या वर्षी तो नव्हता तेव्हा आम्हा पंचवीस जणांचे आवाज पाणी आटलेल्या नदीतल्या होडीसारखे जमिनीला घासत होते. रुल्फीना तिसऱ्याच दिवशी घरी परतली. मागच्या दारानं आत आली तर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी हा एकटा उभा राहून घड्याळ बघत तेच स्तोत्र गुणगुणत होता, आम्ही तिकडे त्या वेळेला जे म्हणत होतो ते. तिनं तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी हा माणूस ओमेनला येणार.

नऊ वर्षं फुकट गेली नव्हती. कोणती गाडी हवी ते तिला डोळे मिटून सांगता येत होतं. दोन बाजूंना दोन वेगळे पलंग, खुर्चीएवढ्या उंचीचे, कुणी कुणाला ओलांडून जायला नको, आणि दारात पायरी रुंद. तशी एकच गाडी दुकानात उभी होती. कुणीतरी मागवून नंतर नको म्हटलेली. आता नवी मागवली तर ती पुढच्या वसंतात मिळणार. सोमवारी तिनं योरिसला फोन केला.

"ती दोन पलंगांची माझ्यासाठी ठेवा."

योरिस मनापासून हसला. "ठेवतो की बाई. आणि सोबत सूपही ठेवतो."

लिहून मात्र काही घेतलं नाही. गुरुवारी आमर्सफोर्टच्या एका जोडप्यानं तीच गाडी राखून ठेवायला सांगितली आणि त्यानं ठेवली.

शनिवारी रुल्फीना काउंटरपाशी उभी राहिली तेव्हा तिला हे कळलं. कॉफीचा कप हातात तसाच राहिला.

"मी फोन केला होता, योरिस."

"तुम्ही खरंच म्हणत होतात?" त्याचा चेहरा पडला. "बाई, नऊ वर्षं झाली. लांडगा आला म्हणून नऊदा ओरडल्यावर दहाव्यांदा..."

"मी एकदाही घेते म्हटलं नव्हतं. त्याला ओरडणं म्हणत नाहीत."

"ते खरं," योरिस म्हणाला. "पण आता शब्द दिलाय. ते दोन वाजता बघायला येतायत, साडेतीनला सांगणार. नको म्हणाले तर तुमची."

दोनला आले. नवरा ओनो, दाराच्या चौकटीत मान वाकवावी लागेल इतका उंच. बायको हेस्टर, हातात यादी, यादीला पेन्सिल बांधलेली. रुल्फीना आधीच गाडीत जाऊन बसली होती. बघायला कुणाला बंदी नव्हती. तिनं मनाशी ठरवलं होतं, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. प्रभू ऐकतो. पण खरं बोलायला प्रभूची कुठं ना आहे?

"न्हाणीघर बघितलंत?" ती हेस्टरला म्हणाली. "पाठ चोळायला वळायचं तर आधी बाहेर यावं लागतं. मी वळून पाहिलंय."

"बरंच झालं," हेस्टरनं यादीवर खूण केली. "हा एकदा आत शिरला की टाकी रिकामी करून बाहेर येतो. आता येईल लवकर."

रुल्फीनानं दोन पलंगांमधल्या फळीवर हात ठेवला. "पलंग मात्र वेगळे आहेत हो. मध्ये फळी. नवराबायको म्हणजे दोन शेजारी होतात."

"त्यासाठीच तर आलोय. हा घोरतो."

"मी घोरत नाही," ओनो म्हणाला.

"तुला कसं कळणार? तू झोपलेला असतोस."

ओनो डाव्या पलंगावर निजून बघत होता. पावलं बाहेर लोंबत होती. तो छताकडे बघत राहिला.

रुल्फीनानं शेवटचं अस्त्र काढलं. "तीन वर्षांपूर्वी याच बनावटीच्या गाडीत आम्ही बसलो होतो आणि गारा आल्या. छतावर असा ताशा वाजत होता की एकमेकांचं अक्षर ऐकू येईना. अर्धा तास."

"अर्धाच?" ओनो म्हणाला, आणि बायकोनं त्याच्या पोटरीवर यादी हाणली. पण तीही हसत होती. तिनं आणखी एक खूण केली.

असं खरं कुणाच्या कामाचं? रुल्फीनाचं प्रत्येक वाक्य त्यांना गाडीचा गुणच वाटत होतं. ती खाली मान घालून बसली. तीन वाजून गेले होते.

इतका वेळ बेरेंट बाहेर होता. लांब दांडीचा आरसा घालून गाडीचं पोट बघत होता, टायरवरची तारीख वाचत होता, खिडक्यांच्या कडांना नख लावत होता. त्याचं सगळं बघून झालं तेव्हा तो दारात आला. पायरीवर पाय ठेवला, उतरला, पुन्हा ठेवला. आत येऊन उजव्या पलंगावर बसला. आणि उठला. कशालाही न धरता, कण्हल्याशिवाय उठला. रुल्फीनानं ते पाहिलं आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघू लागली.

"हरकत नसेल तर एक कडवं म्हणून बघतो," बेरेंट ओनोला म्हणाला. "आत आवाज कसा राहतो ते कळतं."

"गाऊन बघतात?" ओनोनं विचारलं. "यादीत नाहीये हे."

"घ्या लिहून," बेरेंट म्हणाला.

आमची जुनी स्तोत्रं संथ. एका अक्षराला एक श्वास. बेरेंटनं सुरुवात केली, चाल जिन्यानं तळघरात जावी तशी खाली उतरत गेली, आणि सगळ्यांत खालच्या सुरावर तो थांबला तेव्हा गाडीच्या भिंतीतून आवाज आला. झंऽऽऽ. बेरेंट थांबला, तोही थांबला.

हेस्टरची पेन्सिल थांबली. "हे काय होतं?"

"पुन्हा बघू," बेरेंट म्हणाला, आणि पुन्हा खाली उतरला. झंऽऽऽ.

योरिस धावत आला. "कुठून? कुठून येतोय?" पण गाणं थांबलं की आवाज थांबे, त्यामुळे शोधायचं तर गाणं चालू हवं. बेरेंट गात राहिला. योरिस भिंतीला कान लावून रांगत होता, कपाटात डोकं घालत होता, मधूनच म्हणत होता, "अजून एकदा, त्या खालच्यावर थांबा," आणि बेरेंट थांबत होता. रुल्फीनाला वाटलं, भर दुपारी दुकानात उपासना चाललीय आणि योरिस प्रायश्चित्त घेतोय. चौथं कडवं झालं तरी काही सापडलं नाही.

"नवी कोरी गाडी," हेस्टर म्हणाली, "आणि आत्तापासून भिंती बोलतात. उद्या मोटारीमागे लावली की काय म्हणतील?"

"मलाही तेच वाटतंय," ओनो गंभीरपणे म्हणाला. "पलीकडे ती मोठी आहे ना, रुंद पलंगाची? ती एकदा बघून घेऊ."

हेस्टर योरिसला घेऊन निघाली. ओनो बुटाची नाडी बांधत मागे राहिला. रुल्फीना काउंटरपाशी जाऊन घड्याळासमोर बसली, आणि तिचे ओठ हलत होते. काय मागत होती ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

साडेतीनला पाच कमी असताना योरिस आला.

"त्यांनी मोठी घेतली. बाई, ही तुमची. पण तो आवाज मी काढून देतो हं, कारागीर बोलावतो, सगळी भिंत उघडू."

"हात लावायचा नाही," मागून बेरेंट म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं सर्वांत करारी वाक्य. "मला साथ हवीये."

योरिस एकाकडून दुसरीकडे बघत राहिला. "म्हणजे घेताय? आज? कागद काढू?"

"काढ," रुल्फीना म्हणाली.

त्यानं कागद काढले. आणि मग डबा उघडला. बिस्किटं घेऊन झाली तरी झाकण बाजूलाच पडून होतं. रुल्फीनानं ते पाहिलं, योरिसकडे पाहिलं, आणि सही करायच्या आधी दुसरं घेतलं.

घरी जाताना रुल्फीनानं मोटारीत कागद पुन्हा एकदा वाचून काढले. मग तिला काहीतरी सुचलं.

"बेरेंट, तो आवाज तुला आधी माहीत होता?"

"हं."

"कधीपासून?"

"तू सकाळी कॉफी घेत होतीस तेव्हापासून. कपाटं बघताना गुणगुणत होतो. पलंगांमधल्या फळीचा स्क्रू. अर्धा फेरा ढिला."

"अर्धा फेरा."

"फार तर पाऊण."

"आणि स्क्रू ड्रायव्हर?"

"खिशात."

रुल्फीनानं हाताची घडी घातली. "मोटार फिरव. मी दुपारभर खरं बोलून हात चोळत बसले, आणि तू स्तोत्राच्या आडून लबाडी केलीस. त्यांना सांगून येऊ. घेऊ देत त्यांना."

"ओनोला सांगितलंय मी."

"काय सांगितलंस?"

"तो नाडी बांधत होता तेव्हा. अर्धा फेरा आहे, म्हटलं, हवी असेल तर आत्ता आवळून देतो, गाडी घ्या. तो म्हणाला, अहो देवमाणसा, हळू बोला. तासभर कारण शोधतोय मी."

"कशाला कारण?"

बेरेंटनं मोटार हळू केली. "तो घोरतो हे खरंय म्हणाला. पण सत्तावीस वर्षं तो तिच्या पायाला पाय लावून झोपतो. त्याशिवाय झोप लागत नाही. तिला सांगायची लाज वाटते. आणि मध्ये ती फळी." त्यानं आरशात मागे पाहिलं. "मला शपथ घालत होता, स्क्रूचं तिला सांगू नका म्हणून. मी म्हटलं, आमच्या मंडळीत शपथ घेत नाहीत. पण माझी बायको विचारल्याशिवाय सांगत नाही."

घर येईपर्यंत रुल्फीना खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते, पण रडत नव्हती.

ऑगस्टमध्ये ओमेनला त्यांची गाडी आमच्या रिंगणाला लागूनच उभी होती, दार उघडं. बेरेंट पायरीवर बसून खालच्या सुरावर आला की मागून कुणीतरी तंबोरा धरावा तसा आवाज येई आणि आम्हा सगळ्यांचे सूर त्याच्यावर जाऊन बसत. मी रुल्फीनाला विचारलं, "ते काय वाजतंय गं?" मी विचारलं, म्हणून तिनं हे सगळं सांगितलं.

सांगून होतंय तोवर नदीकडच्या वाटेनं दोघं खुर्च्या घेऊन येताना दिसली. बेरेंटनं बोलता बोलता ओनोला जागेचं नाव सांगितलं होतं, आणि तीन दिवस राहून बघू म्हणून ते आले होते. हेस्टरनं खुर्ची मांडली, कॉफी घेतली, कान दिला.

"काय हो रुल्फीनाबाई," ती म्हणाली, "तो आवाज अजून तसाच? कशाचा होता, शेवटी सापडलं का?"

ओनोचा कप ओठांपाशी थांबला. मी श्वास रोखून रुल्फीनाकडे पाहिलं, कारण ती खोटं बोलत नाही.

रुल्फीनानं बिस्किटांचा डबा उचलला, दुसऱ्यांदा उघडला आणि हेस्टरपुढे धरला.

"ते ना," ती म्हणाली, "तुम्हाला ओनो माझ्यापेक्षा जास्त चांगलं सांगतील."

हेस्टर नवऱ्याकडे वळली. नवऱ्यानं बेरेंटकडे पाहिलं. बेरेंटनं शांतपणे चष्मा लावला, पुस्तक उघडलं, आणि आमच्याकडचं सगळ्यांत लांब स्तोत्र काढलं.