कुलूप लागलेल्या घराचा मोह

मी मोहाचं झाड बोलतोय, कोसमटोल्याच्या शिवेवरचं. लपवून काय करू? शेजारच्या मोहाला पाहिलं की माझा नुसता जळफळाट होतो.

तसे आम्ही दोघं एकाच मातीतले. आमच्या या गोंडांच्या गावात प्रत्येक मोह कुठल्या तरी घरचा असतो. तो मनकर्णाबाईच्या घरचा, मी ऋषिकेश उईकेच्या. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल इथे कोणी उचलत नाही, मग ते कुजून का जाईना.

पूर्वी माझाही रुबाब होता. चैत्रात पहाटे ऋषिकेशची बायको वंदना टोपली घेऊन यायची, गुणगुणत फुलं वेचायची. मोह, तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी, एवढ्यावर गावाचं भागत होतं. मग भागेना. कोणी टेम्पोत बसून भिवापूरला मिरची तोडायला गेलं, कोणी कामठीला यंत्रमागावर. ऋषिकेश आणि वंदना नागपूरला गेले, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात साफसफाईच्या कामावर. घराला कुलूप लागलं, माझ्या नशिबालाही.

तेव्हापासून बघतोय. पलीकडे मनकर्णा येते, तिची सून सोनिका येते, नातवंडं येतात. हसणं काय, भांडणं काय! आणि माझी फुलं गुरं खातात. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

शेवटी मी लाज सोडली. माझी एक फांदी त्याच्या बाजूला झुकलेली आहे. तिथूनच मुद्दाम फुलं टाकायचो, अगदी मनकर्णेच्या टोपलीजवळ. पण ती बाई! माझं जाड फूल बरोबर ओळखायची आणि माझ्या बुंध्याकडे भिरकावायची.

"हे वंदनाचं आहे, हात लावू नको वं," सुनेला सांगायची. शेजारी फांद्या हलवून हसायचा. मेला!

यंदा ऐन बहरात वंदना आली. मी तिच्यावर फुलं उधळली. ती खाली झालेला फुलांचा चिखल बघून मनकर्णेला म्हणाली, "सारं कुजूनच राहिलं, मोठीमाय. हे म्हणून राहिले, तोडून टाकू. लाकूड तरी कामी येईन."

माझा जीव पार मुळाशी गेला.

मनकर्णा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून तोडून राहिली वं?"

"वेचते कोण?"

"तू म्हणली असती तं म्या वेचलं असतं."

"तुम्ही कधी इचारलंच नाही! मले वाटलं, तुम्हाले आपलंच उरकत नसन."

"इचारू कशी? तुह्या घरचं झाड. मागणं बरं दिसते का?"

एकीनं मागितलं नाही, दुसरीनं दिलं नाही, आणि कुजलो मी!

वंदनानं ओंजळभर फुलं वेचली आणि मनकर्णेच्या टोपलीत टाकली. तीच तिची परवानगी. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली.

आता मनकर्णा रोज येते. पण आधी त्याच्याकडे, मग कंबर धरत माझ्याकडे. जळतो मी अजूनही. त्याची माणसं त्याची, माझी उसनी.

काल मात्र खडकावर फुलं वाळत घालताना तिनं पुन्हा माझी जाड फुलं बाजूला काढली. आता कुठं भिरकावते? तिनं ती वेगळ्या सुपात पसरली.

"हे काहून वेगळे?" सोनिकानं विचारलं.

"वंदनाचे. नागपूरले कोणी गेलं तं पाठवू."

वंदने, फुलं पोहोचली की नाकाशी धर. आणि पुढच्या चैत्रात टोपली घेऊन ये गं. त्या शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून ये!